धागा: आतल्या लूपमधला ब्रेक बाहेरच्या लूपला का थांबवत नाही?

पर्जन्यमापक

नमस्कार. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. कृषी महाविद्यालयात शिकतो आणि गेल्या चार महिन्यांपासून स्वतःच्या गरजेपुरते पायथन शिकत आहे. एका प्रकल्पासाठी मला एका जिल्ह्यातील सर्व तालुक्यांच्या पावसाच्या दैनंदिन नोंदी मिळाल्या आहेत. १ जून ते ३० सप्टेंबर असे १२२ दिवस आणि प्रत्येक दिवसासाठी तालुकावार मिलिमीटरमधला एक आकडा, असे त्यांचे स्वरूप आहे. काही ठिकाणी आकडाच नाही, रकाना रिकामा आहे. २४ तासांत ६४.५ मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की भारतीय हवामान विभाग तो जोरदार पावसाच्या वर्गात धरतो. असा पाऊस त्या हंगामात सर्वप्रथम केव्हा झाला, एवढेच मला शोधायचे आहे.

माझ्या प्रोग्रॅमचा सांगाडा असा आहे :

प्रत्येक तालुक्यासाठी
    प्रत्येक दिवसासाठी
        नोंद रिकामी असेल तर : कंटिन्यू
        पाऊस ६४.५ किंवा अधिक असेल तर :
            तालुका व दिनांक छापा
            ब्रेक

माझी अपेक्षा एकच ओळ छापली जाण्याची होती, पण प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक तालुक्याची एक ओळ छापली जाते. नियंत्रण आपल्या हातात राहील असे वाटून मी आतला फॉर लूप (यादीतल्या प्रत्येक घटकासाठी तेच काम पुन्हा करणारी रचना) काढून त्या जागी व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत फिरणारी रचना) लिहून पाहिला. तेव्हा प्रोग्रॅम थांबेचना आणि शेवटी तो बळेच बंद करावा लागला.

याच्याशी संबंधित आणखी एक प्रश्न आहे. आमच्याकडे प्रोग्रॅमिंगचा वर्ग घेणारे सर ब्रेक आणि कंटिन्यू यांना ‘गोटूची चुलत भावंडे’ (गोटू म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठेही उडी मारणारी आज्ञा) म्हणतात आणि उत्तरपत्रिकेत ते दिसले की गुण कापतात. हे शब्द खरोखरच टाळावेत असे आहेत का, की ही केवळ त्यांची आवड आहे?

शून्यापासून

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. ब्रेक ज्या लूपच्या पोटात लिहिला आहे, त्यांपैकी सर्वांत आतल्या लूपलाच तो संपवतो. तुमचा ब्रेक दिवसांच्या लूपमध्ये आहे. त्यामुळे एका तालुक्यात पहिला जोरदार पाऊस सापडताच त्या तालुक्याचे उरलेले दिवस सोडून दिले जातात, पण तालुक्यांचा लूप पुढच्या तालुक्याकडे वळतो आणि तिथे दिवसांचा लूप नव्याने सुरू होतो. प्रत्येक तालुक्याची एक ओळ छापली जाते ती यामुळेच.

आता व्हाइलविषयी. तुम्ही दिवसाचा क्रमांक वाढवणारी ओळ लूपच्या अगदी तळाशी लिहिली असणार, अशी माझी खात्री आहे. कंटिन्यू म्हणजे ‘या फेरीतले खालचे सारे सोडा आणि पुढच्या फेरीकडे जा’. रिकामी नोंद आली की कंटिन्यू त्या तळाच्या ओळीलाही ओलांडून जातो, क्रमांक आहे तिथेच राहतो, पुन्हा तीच रिकामी नोंद समोर येते आणि पुन्हा कंटिन्यू होतो. फॉर लूपमध्ये पुढचा दिवस घेण्याचे काम लूपच्या माथ्यावर होते, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही. सी भाषेतही हाच फरक आहे. तिथल्या फॉरमध्ये कंटिन्यूनंतर आधी वाढ होते आणि मग अट तपासली जाते, तर व्हाइलमध्ये नियंत्रण थेट अटीकडे जाते. डू-व्हाइलमध्ये कंटिन्यू माथ्यावर नेतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो तळाच्या अटीकडे नेतो, आणि अट खोटी असेल तर लूप तिथेच संपतो.

जाता जाता सांगतो, कंटिन्यू आणि पास यांत गल्लत करू नका. पासचा अर्थ ‘काहीच करू नका’ एवढाच आहे. त्यानंतर खालच्या ओळी नेहमीप्रमाणे चालतात. रिकाम्या नोंदीवर पास लिहिला असता, तर पुढच्याच ओळीत रिकाम्या जागेची ६४.५ शी तुलना करताना चूक झाली असती.

निवृत्त_मास्तर

मी अनेक वर्षे हा विषय शिकवला असून एके काळी मीही गुण कापत असे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे हे माझे कर्तव्य समजतो.

तुमच्या सरांच्या म्हणण्याला इतिहास आहे. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे गोटूविरुद्धचे प्रसिद्ध पत्र एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कम्युनिकेशन्स या मासिकात मार्च १९६८ मध्ये छापून आले. ‘गोटू घातक आहे’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक संपादक निक्लाउस विर्त यांनी दिले होते. डाइक्स्ट्रांचे स्वतःचे शीर्षक बरेच सौम्य होते. पत्रातला युक्तिवाद असा, की प्रोग्रॅम चालू असताना तो या क्षणी कुठवर आला आहे, हे आपल्याला मजकुरातल्या जागेवरून आणि लूपची कितवी फेरी चालू आहे यावरून सांगता आले पाहिजे. गोटूला कुठूनही कुठेही उडी मारता येत असल्यामुळे ही ओळखच नाहीशी होते. ज्यांनी ते पत्र फक्त शीर्षकापुरते वाचले, त्यांनी त्यातून ‘कोणतीही उडी वाईट’ असा नियम काढला. त्याच पत्रात गोटूचा वापर केवळ आणीबाणीच्या वेळी बाहेर पडण्यापुरता ठेवावा, या आधीच्या एका शिफारशीचा उल्लेख आहे आणि ती बहुधा टोनी होअर यांची असावी असे डाइक्स्ट्रांनी म्हटले आहे, याकडे मात्र फारसे कुणी लक्ष दिले नाही.

ब्रेकला डाइक्स्ट्रांची कसोटी लावून पाहा. ब्रेक कुठे नेतो, हे मजकुराकडे बघूनच कळते. तो आपल्या लूपच्या लगेच पुढच्या ओळीवर नेतो, कधी मागे जात नाही आणि दुसऱ्या लूपच्या मध्यात कधी शिरत नाही. कंटिन्यूही फक्त आपल्याच लूपच्या पुढच्या फेरीकडे नेतो. म्हणून यांना गोटूची चुलत भावंडे म्हणणे मला आज अन्यायाचे वाटते. ती फार तर गोटूच्या घराण्यातली वळण लागलेली मुले आहेत.

सरांच्या बाजूचा दुसरा आधार बोम आणि याकोपिनी यांच्या १९६६ च्या सिद्धांताचा असतो. क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीनच रचनांनी कोणताही प्रोग्रॅम लिहिता येतो, असे त्याचे सार सांगितले जाते. ते खरे आहे, परंतु त्यासाठी वाटेत जादा व्हेरिएबल घ्यावी लागू शकतात, हे वर्गात सांगायचे राहून जाते. खरगपूरच्या आयआयटीत शिकलेल्या एस. राव कोसाराजू यांनी १९७४ मध्ये हा मुद्दा काटेकोरपणे सोडवला. एकाच लूपमधून बाहेर काढणारा ब्रेक असेल, तर जादा व्हेरिएबल न घेता काही प्रोग्रॅम लिहिताच येत नाहीत. दोन पातळ्यांचा ब्रेक दिला तर तीन पातळ्यांचे काही प्रोग्रॅम राहून जातात, आणि ही पायऱ्यांची मालिका कधीच संपत नाही. पर्जन्यमापक यांची अडचण म्हणजे या शिडीची दुसरी पायरी आहे.

शिकवण्याच्या दृष्टीने मला सर्वांत पटलेला पुरावा सोलोवे, बोनार आणि एर्लिक यांच्या १९८३ च्या प्रयोगाचा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला नेहमीचे पास्कल दिले, ज्यात लूपच्या मधून बाहेर पडण्याची सोय नव्हती, आणि दुसऱ्या गटाला अशी सोय जोडलेले पास्कल दिले. खुणेचा आकडा येईपर्यंत संख्या वाचत जायच्या आणि त्यांची सरासरी काढायची, अशा धर्तीचे काम होते. मधून बाहेर पडण्याची सोय असलेल्यांचे प्रोग्रॅम अधिक वेळा बरोबर आले, कारण माणूस स्वाभाविकपणे ‘वाच, मग बघ, मग कर’ असाच विचार करतो, आणि मधली सोय नसेल तर त्याला ‘वाच’ ही ओळ लूपच्या आधी एकदा आणि आत पुन्हा एकदा लिहावी लागते. हा लेख मी निवृत्तीच्या सुमारास वाचला. ज्यांचे गुण कापले ते विद्यार्थी तोवर नोकरीला लागले होते.

चाकणकर

मास्तरांच्या विवेचनाबद्दल आदर आहे, परंतु दुसरी बाजूही मांडली जावी. मी पुणे परिसरात वाहनांतल्या नियंत्रकांसाठी सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो. आमच्या क्षेत्रात ‘मिस्रा सी’ ही नियमावली पाळावी लागते. तिच्या १९९८ च्या आवृत्तीत कंटिन्यूला पूर्ण बंदी होती आणि ब्रेक फक्त स्विचच्या (मूल्य पाहून अनेक शाखांपैकी एक निवडणाऱ्या रचनेच्या) शाखा संपवण्यापुरता चालत असे. २००४ च्या आवृत्तीत कंटिन्यूवरची बंदी कायम राहिली, पण लूप संपवण्यासाठी एक ब्रेक चालू लागला. २०१२ च्या आवृत्तीने कंटिन्यूवरची बंदी उठवली आणि एका लूपमधून बाहेर पडण्यासाठी एकाहून अधिक ब्रेक किंवा गोटू असू नयेत, एवढी सल्लावजा सूचना ठेवली. सुरक्षिततेसाठी सर्वांत कडक समजले जाणारे लोकही चौदा वर्षांत हळूहळू सैल झाले, हे सरांना अवश्य दाखवा. तरीही त्यांनी मर्यादा मात्र पूर्णपणे काढून टाकली नाही, हेही दाखवा.

ही मर्यादा का असते, याचे उदाहरण देतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे सुमारे नऊ तास कोलमडले होते. या जाळ्यात ११४ मोठी स्विचिंग केंद्रे होती आणि त्या सर्वांमध्ये आदल्याच महिन्यात नवी प्रणाली बसवली होती. तिच्या सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये एका लूपच्या आत स्विच, स्विचच्या एका शाखेत इफ आणि त्या इफच्या पोटात ब्रेक अशी मांडणी होती. लिहिणाऱ्याच्या मनात इफमधून बाहेर पडायचे होते. पण सी भाषेतला ब्रेक इफला ओळखतच नाही. तो थेट स्विचमधून बाहेर पडला आणि मधले आवश्यक काम राहून गेले. एक केंद्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की त्याचे संदेश शेजारच्या केंद्रांना पोचायचे, त्या संदेशांनी शेजारी बंद पडायचे, आणि ते पुन्हा सुरू झाले की त्यांचे संदेश इतरांना पाडायचे. अखेर संदेशांचा भार कमी करून जाळे स्थिरावण्यात आले.

शब्द चांगला की वाईट, हा माझ्या लेखी खरा प्रश्नच नाही. ‘हा ब्रेक नेमका कशाला तोडतो’ हे वाचणाऱ्याला क्षणात कळते का, एवढेच मी परीक्षण करताना पाहतो. लूप, स्विच आणि इफ एकमेकांत तीन थर गेले की ते कळेनासे होते.

मुक्काम_पोस्ट_म्युनिक

चाकणकर म्हणतात ती गफलत सीपुरती नाही. गो भाषेत लूपच्या आत सिलेक्ट किंवा स्विच लिहून त्यात ब्रेक दिला, तर केवळ सिलेक्ट किंवा स्विच संपतो आणि लूप तसाच चालू राहतो. मी स्वतः या चुकीमागे एक अख्खा शुक्रवार घालवला आहे. पीएचपीत तर स्विचच्या आतला कंटिन्यू ब्रेकसारखाच वागतो, आणि लोक इतके फसू लागले की ७.३ आवृत्तीपासून त्यावर इशारा दिला जातो.

मूळ प्रश्नावर इतर भाषांनी काय केले आहे, ते थोडक्यात सांगतो. जावा, जावास्क्रिप्ट, गो, कॉटलिन आणि रस्ट यांत बाहेरच्या लूपला लेबल, म्हणजे नाव, देता येते आणि ‘अमुक नावाच्या लूपमधून ब्रेक’ असे लिहिता येते. जावाने गोटू हा शब्द राखीव ठेवला आहे, पण तो वापरता मात्र येत नाही. पीएचपी आणि बॅश यांत ‘ब्रेक २’ असा आकडा देता येतो. हा आकडा मला पसंत नाही, कारण उद्या कुणी मध्ये आणखी एक लूप घातला, तर आकडा बदलायचा राहतो आणि प्रोग्रॅम काही तक्रार न करता भलत्याच लूपमधून बाहेर पडतो. नाव दिले असेल तर हा धोका राहत नाही.

पायथनमध्ये यांपैकी काहीच नाही. लेबलचा ब्रेक पायथनमध्ये आणावा, असा ३१३६ क्रमांकाचा रीतसर प्रस्ताव २००७ मध्ये आला होता. गिडो व्हॅन रॉसम यांनी तो नाकारला. एवढी गुंतागुंत असलेला प्रोग्रॅम क्वचितच लागतो आणि जिथे लागतो तिथे बहुतेक वेळा वेगळे फंक्शन (नाव दिलेला प्रोग्रॅमचा तुकडा) करून रिटर्न (उत्तर देऊन तिथूनच बाहेर पडणे) देता येते, अशी त्यांची भूमिका होती. सोय दिली तर तिचा गैरवापरच अधिक होईल, अशीही त्यांना भीती वाटत होती.

पर्जन्यमापक

सर्वांचे आभार. शून्यापासून यांचा तर्क अचूक निघाला. दिवसाचा क्रमांक वाढवणारी ओळ तळाशीच होती. आता पायथनमध्ये लेबल नसेल, तर दोन लूपमधून बाहेर पडण्याचा रुळलेला मार्ग कोणता, हे कृपया सांगावे. मी तूर्त ‘सापडले’ नावाचा फ्लॅग (खरे किंवा खोटे साठवणारे व्हेरिएबल) घेतला आहे. आतल्या ब्रेकच्या आधी तो खरा करतो आणि बाहेरच्या लूपच्या शेवटी तपासून पुन्हा ब्रेक देतो. तो चालतो, पण ओबडधोबड वाटतो.

शून्यापासून

फ्लॅगला नावे ठेवू नका. नवख्या माणसालाही तो वाचता येतो. त्याची अडचण एवढीच, की एकच गोष्ट तीन ठिकाणी सांभाळावी लागते: सुरुवातीला खोटा करणे, सापडल्यावर खरा करणे आणि बाहेर तपासणे. यांतले एक जरी विसरले तरी प्रोग्रॅम चुकतो, तोही मुकाट्याने.

मी स्वतः फंक्शन करतो. दोन्ही लूप ‘पहिला_जोरदार_पाऊस’ अशा नावाच्या फंक्शनमध्ये ठेवायचे, सापडताच तालुका व दिनांक रिटर्न करायचे आणि लूप संपूनही काही सापडले नाही तर नन (‘काहीच नाही’ हे पायथनमधले मूल्य) रिटर्न करायचे. रिटर्नला कितीही लूप आडवे आले तरी फरक पडत नाही. शिवाय फंक्शनला नाव द्यावे लागते आणि ते देताना आपण नेमके काय शोधत आहोत, हे स्वतःलाच सांगावे लागते.

पायथनच्या आयटरटूल्स या संचातले, दोन याद्यांच्या सर्व जोड्या देणारे प्रॉडक्ट वापरून दोन लूपचा एक करता येतो आणि मग एकच ब्रेक पुरतो. मात्र ‘या तालुक्याचे उरलेले दिवस सोडा’ असे मग म्हणता येत नाही, कारण तालुक्यांचा वेगळा लूपच उरत नाही. शिवाय प्रॉडक्ट जोड्या देण्याआधी दोन्ही याद्या पूर्ण वाचून ठेवतो. तुमच्या आकाराच्या याद्यांना त्याने काही होणार नाही, पण न संपणारा प्रवाह दिला तर तो तिथेच अडकेल.

एक्सेप्शन फेकूनही बाहेर पडता येते. ‘सापडले’ ही बातमी ‘चूक’ या वेषात पाठवणे मला खटकते, एवढेच.

तिठ्यावरचा_वाटाड्या

फॉर-एल्सचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? पायथनमध्ये लूपला एल्स जोडता येतो. लूप ब्रेकने संपला तर एल्स चालत नाही, आणि लूप आपल्या गतीने शेवटपर्यंत गेला तर चालतो. दोन लूपच्या बाबतीत त्याचा वापर असा : आतल्या लूपला एल्स जोडून त्यात कंटिन्यू लिहायचा आणि त्या एल्सच्या खाली, बाहेरच्या लूपच्या पातळीवर, ब्रेक लिहायचा. आत काही सापडले नाही तर एल्समधला कंटिन्यू पुढच्या तालुक्याकडे नेतो. आत ब्रेक झाला असेल तर एल्स टळतो आणि नियंत्रण खालच्या ब्रेकवर येऊन बाहेरचा लूपही संपतो. यात फ्लॅगही लागत नाही आणि फंक्शनही लागत नाही.

चाकणकर

वाटाड्या यांची रचना बरोबर आहे यात शंका नाही. मी मात्र ती तीन वेळा वाचली, तेव्हा कुठे पटली. रात्री दोन वाजता बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवू नये. एल्स हा शब्द वाचला की कुणालाही ‘नाहीतर’ असेच वाटते. लूपला जोडलेल्या एल्सचा अर्थ ‘लूप एकदाही चालला नाही तर’ असा असावा, अशी समजूत मी अनुभवी लोकांचीही पाहिली आहे. यादी रिकामी असली तरी एल्स चालतोच, त्यामुळे रिकाम्या यादीवर चाचणी घेणाऱ्याची ही चुकीची समजूत आणखीच पक्की होते.

तिठ्यावरचा_वाटाड्या

शब्दाची निवड फसली, हे मला मान्य आहे. ‘ब्रेक झाला नाही तर’ असा शब्द असता, तर हा वाद झालाच नसता. परंतु मूळ कल्पना शोधण्याच्या कामाला इतकी चपखल आहे, की ती टाकून देऊ नये. शोध घेणाऱ्या प्रत्येक लूपला दोन शेवट असतात : एक सापडल्याचा आणि एक न सापडल्याचा. हे दोन शेवट वेगळे दाखवण्याची जागा बहुतेक भाषांमध्ये नाही आणि म्हणूनच आपण फ्लॅग घेत बसतो. डोनल्ड क्नुथ यांनी डिसेंबर १९७४ च्या आपल्या लांबलचक लेखात नेमक्या अशाच शोधाच्या उदाहरणावर गोटूची बाजू मांडली होती. मार्च १९८७ मध्ये फ्रँक रुबिन यांनी डाइक्स्ट्रांच्या शीर्षकालाच कोपरखळी मारणारे पत्र लिहिले, त्यातले उदाहरणही आपल्या पर्जन्यमापकांच्या उदाहरणाचे सख्खे भावंड आहे : चौरस सारणीत सर्व शून्ये असलेली पहिली ओळ शोधायची. त्या पत्रावर अनेक महिने वाचकांची उत्तरे येत राहिली.

निवृत्त_मास्तर

रुबिन यांच्या उदाहरणाची आठवण काढलीत ते उत्तम झाले. त्या उदाहरणात आतल्या लूपचे काम ‘ही ओळ सगळी शून्यांची आहे का’ या एका प्रश्नाचे उत्तर देणे एवढेच आहे. ते काम वेगळे काढले की बाहेरचा लूप एक-पातळीचा होतो. पायथनमध्ये यासाठी ऑल आणि एनी ही तयार फंक्शने आहेत आणि उत्तर निश्चित झाले की तीही पुढचे घटक न पाहता थांबतात. म्हणजे ब्रेक तिथेही आहेच, आपल्याला तो दिसत नाही इतकेच. जावास्क्रिप्टमध्ये फॉरईचला ब्रेक देता येत नाही म्हणून मुले हैराण होतात. त्यांना मी सम (some) किंवा एव्हरी (every) वापरा असे सांगतो, नाहीतर सरळ फॉर-ऑफ लिहा म्हणतो.

कोकणची_नोंदवही

मी हा धागा कालपासून वाचत आहे. बाहेर कसे पडावे यावर इतकी चर्चा झाली, पण पर्जन्यमापक यांना नेमके काय हवे आहे याकडे कुणी पाहिलेले दिसत नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या संदेशात त्यांनी म्हटले आहे, की असा पाऊस त्या हंगामात ‘सर्वप्रथम केव्हा’ झाला हे शोधायचे आहे. त्यांचा बाहेरचा लूप तालुक्यांचा आहे. आता लेबल, फ्लॅग, फंक्शन, फॉर-एल्स यांपैकी कोणताही उपाय वापरून दोन्ही लूपमधून निर्दोषपणे बाहेर पडा, उत्तर चुकीचेच येईल. यादीत पहिल्या असलेल्या तालुक्यात जोरदार पाऊस ऑगस्टमध्ये झाला असेल आणि यादीत शेवटच्या तालुक्यात तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाला असेल, तर प्रोग्रॅम ऑगस्टची तारीख सांगून मोकळा होईल. त्यांनी लिहिलेली मूळ, ‘चुकलेली’ आवृत्ती प्रत्येक तालुक्याची एक ओळ छापत होती. त्या ओळींतली सर्वांत आधीची तारीख घेतली असती, तरी उत्तर बरोबर आले असते!

लूपमधून लवकर बाहेर पडायचे असेल, तर ‘पहिला’ हा शब्द कोणत्या क्रमाने पहिला, हे बाहेरचा लूप ठरवतो. शेवटपर्यंत चालणाऱ्या लूपमध्ये क्रम उलटसुलट झाला तरी बेरीज तीच येते. ब्रेक आला की क्रमाला अर्थ येतो. तारखांचा लूप बाहेर आणि तालुक्यांचा आत घ्या.

तसे केल्यावर आणखी एक गोष्ट दिसेल. पाऊस एका तालुक्याची हद्द पाहून पडत नाही. एकाच दिवशी चार तालुक्यांनी ६४.५ मिमीची मर्यादा ओलांडलेली असू शकते. आतल्या लूपला पहिला तालुका सापडताच ब्रेक दिला, तर बाकीचे तीन अहवालातून गळतील. म्हणजे आतला लूप मध्येच तोडायचाच नाही. त्या दिवसाचे सर्व तालुके पाहायचे, मर्यादा ओलांडणारे एका यादीत गोळा करायचे, आणि आतला लूप संपल्यावर यादी रिकामी नसेल तर बाहेरच्या लूपला ब्रेक द्यायचा. दोन पातळ्यांतून बाहेर पडण्याचा प्रश्नच मग उरत नाही.

शून्यापासून

मी खजील झालो आहे. फंक्शनला नाव देताना आपण काय शोधत आहोत ते स्वतःला सांगावे लागते, असे मीच वर लिहिले आणि मीच ते नाव चुकीच्या लूपला दिले.

निवृत्त_मास्तर

नोंदवही ताईंच्या विवेचनाला पैकीच्या पैकी गुण. कोसाराजूंची शिडी चढण्याआधी खाली उभे राहून पाहायला हवे होते.

चाकणकर

ताईंच्या मुद्द्याला जोडून कंटिन्यूविषयी एक शंका विचारतो. रिकामी नोंद आली की कंटिन्यू ती गिळून पुढे जातो. तालुक्यानुसार पाहत असताना त्याने फारसे बिघडत नव्हते. पण तारखेनुसार शोधताना, पहिला जोरदार पाऊस म्हणून सांगितलेल्या दिवसाच्या आधी एखाद्या तालुक्याची नोंदच नसेल, तर ‘सर्वप्रथम’ हे विधान खात्रीने करता येईल का? पर्जन्यमापक बंद पडणे किंवा त्यातले पाणी ओसंडून जाणे हे नेमके मोठ्या पावसातच घडू शकते. आमच्या कामात संवेदकाकडून आकडा आला नाही, तर तो आला नाही याची नोंद करावीच लागते.

कोकणची_नोंदवही

शंका रास्त आहे. त्यांनी फाइल पांडासने (तक्ते हाताळणाऱ्या पायथनच्या संचाने) वाचली असेल, तर रिकामा रकाना ‘नॅन’ (‘संख्या नाही’ अशी खूण) म्हणून येतो आणि नॅनची कोणत्याही संख्येशी ‘मोठा किंवा समान’ अशी तुलना केली की उत्तर नेहमी ‘खोटे’ येते. म्हणजे कंटिन्यू काढून टाकला तरी रिकाम्या नोंदी गुपचूप वगळल्याच जातील. कंटिन्यू निदान डोळ्यांना दिसतो, ही त्याची जमेची बाजू आहे. कंटिन्यूच्या आधीच्या ओळीत तालुका व दिनांक एका वेगळ्या यादीत टाका, म्हणजे काम झाले. आणि पाऊस शून्य असणे व नोंद नसणे या दोन गोष्टी अटीत वेगळ्या ठेवा. ‘इफ नॉट पाऊस’ असे लिहिले तर पायथन शून्यालाही खोटेच समजतो आणि सगळे कोरडे दिवस रिकाम्या नोंदींत जमा होतात.

पर्जन्यमापक

शेवटचे वाक्य वाचून मी फाइल उघडली. अगदी तसेच लिहिले होते, ‘इफ नॉट पाऊस : कंटिन्यू’. आजवर त्याने उत्तर बदलले नव्हते, कारण शून्य मिमी पाऊस मर्यादा ओलांडणार नव्हताच. पण रिकाम्या नोंदी मोजायला घेतल्या असत्या, तर निम्मा जून त्यात गेला असता. आता ‘इज नन’ अशी अट लिहिली आहे. फाइल मी पांडासने वाचत नाही. रकाना रिकामा असेल तर वाचतानाच नन ठेवतो.

सध्याची रचना अशी आहे :

प्रत्येक दिनांकासाठी
    जोरदार = रिकामी यादी
    प्रत्येक तालुक्यासाठी
        नोंद नन असेल तर :
            दिनांक व तालुका ‘गहाळ’ यादीत टाका
            कंटिन्यू
        पाऊस ६४.५ किंवा अधिक असेल तर :
            तालुका ‘जोरदार’ यादीत टाका
    जोरदार यादी रिकामी नसेल तर :
        दिनांक व यादी छापा
        ब्रेक
एल्स :
    ‘या हंगामात असा दिवस नाही’ असे छापा

एल्स बाहेरच्या फॉरला जोडला आहे आणि चाकणकर यांच्यासाठी त्याच्या शेजारी ‘ब्रेक झाला नाही तर’ अशी टीप लिहिली आहे. ब्रेक एकच असल्यामुळे मिस्राच्या २०१२ च्या सूचनेतही हे बसावे. लूप संपल्यावर ‘गहाळ’ यादी वेगळी छापतो. मिळालेल्या तारखेच्या आधी दोन तालुक्यांच्या मिळून पाच नोंदी गहाळ निघाल्या. त्या मिळवण्यासाठी उद्या संबंधित कार्यालयात मूळ नोंदवही पाहायला जाणार आहे, आणि सरांना हा धागा दाखवायचा की नाही, हे अजून ठरलेले नाही.

निवृत्त_मास्तर

दाखवा. गुण कापले गेले तर मला कळवा, मी त्यांच्याशी बोलतो.